मूनस्पेल : 'वुल्फहार्ट' आणि 'सिन/पेकाडो' यांच्यामध्ये नेमके काय घडले?

गंगापूररोडकर : नाशिकमध्ये आम्ही काही मित्र अधूनमधून जमतो आणि एखाद्या बँडची कारकीर्द सुरुवातीपासून क्रमाने ऐकतो. पुढील बैठकीसाठी पोर्तुगालचा मूनस्पेल हा मेटल बँड ठरला आहे. पूर्वतयारी म्हणून 'वुल्फहार्ट' (१९९५) आणि 'सिन/पेकाडो' (१९९८) हे दोन अल्बम लागोपाठ ऐकले, तेव्हा दोन्ही एकाच बँडचे आहेत यावर विश्वास बसेना. हा बदल व्यावसायिक दबावातून झाला असावा का?

पंचवटीचा श्रोता : मधला 'इरिलिजस' (१९९६) वगळल्यामुळे आपल्याला ही उडी वाटते आहे. लिस्बनलगतच्या ब्रँडोआमधील ही मुले आधी 'मॉर्बिड गॉड' या नावाने वाजवीत आणि १९९२ मध्ये त्यांनी मूनस्पेल हे नाव घेतले. त्यांचा पहिला ईपी, म्हणजे अल्बमहून छोटी ध्वनिमुद्रिका, (१९९४) सरळसरळ ब्लॅक मेटलचा, म्हणजे किंचाळत्या गायकीच्या कर्कश मेटलचा आहे. 'वुल्फहार्ट' आणि 'इरिलिजस' हे दोन्ही अल्बम जर्मनीत, वाल्डेमार सोरिख्टा या एकाच निर्मात्याच्या हाताखाली झाले, तरीही दुसऱ्या अल्बममध्ये किंचाळ्या मागे पडतात आणि गायक फर्नांडो रिबेइरोचा खर्जातला आवाज पुढे येतो. त्यातील 'ओपियम' हे गाणे जरूर लावावे. इंग्रजीत चाललेले ते गाणे शेवटाला येते आणि कवी फर्नांडो पेसोआच्या पोर्तुगीज ओळी गायक अक्षरशः म्हणून दाखवतो. तिथून 'सिन/पेकाडो'मधल्या सिंथपर्यंतचे (इलेक्ट्रॉनिक सुरांपर्यंतचे) अंतर फारसे उरत नाही. दबाव म्हणाल, तर लोकप्रिय झालेले सूत्रच पुन्हा वापरणे त्यांना अधिक सोयीचे गेले असते.

सातपूर_बेस : वरील मांडणी मला बहुतांशी पटते, मात्र 'द बटरफ्लाय इफेक्ट' (१९९९) बैठकीत लावू नये, कारण त्यातील इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रासारख्या आवाजांचे, प्रयोग आज शिळे वाटतात (हे माझे मत, वाद घालायला मी तयार आहे). त्याऐवजी, कर्कशपणाकडे पुन्हा वळलेला 'मेमोरियल' (२००६) घ्यावा आणि मग थेट '१७५५' (२०१७) लावावा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, चर्चमध्ये गर्दी असतानाच लिस्बन भूकंपाने हादरले, पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या आणि उरलेसुरले शहर आगीने खाल्ले. हा संपूर्ण अल्बम त्या आपत्तीवर आणि पोर्तुगीज भाषेत आहे. 'इन त्रेमोर देई' या गाण्यात फादो (पोर्तुगालचा पारंपरिक गानप्रकार) गायक पाउलो ब्रागान्सा यांचा आवाज येतो, तेव्हा गिटारच्या भिंतीतून तो एकटाच वर निघताना ऐकू येतो. स्वभाषेकडे ते अचानक वळले असेही नाही, कारण 'वुल्फहार्ट'मधील 'त्रेबारुना' हे गाणे पोर्तुगीजच आहे.

गंगापूररोडकर : दोघांचेही आभार. रिबेइरो स्वतः कविताही प्रसिद्ध करतात हे कळल्यावर, कुसुमाग्रजांच्या गावात गाण्यांचे शब्द छापून वाटायलाच हवेत, असे मंडळींचे म्हणणे पडले. 'बटरफ्लाय इफेक्ट' वगळतो. 'सिन/पेकाडो' मात्र राहील, आणि तो 'इरिलिजस'नंतरच लावू.