जिन म्हणजे भूत नव्हे, मग मराठीत काय लिहायचं?

पंचगंगाकाठी
एक अडलंय. दिवाळी अंकासाठी एक गोष्ट मराठीत आणतेय. आमच्या गल्लीतल्या चाचांनी ती दखनीत सांगितली होती. मदरशात रात्री पोरं पढायला बसलेली. उस्ताद म्हणतात, दिवा बारीक करा रे कोणीतरी. एक पोरगं जागचं उठतच नाही, बसल्या बसल्या हात लांबवतं आणि पलीकडच्या भिंतीतल्या कोनाड्यातल्या दिव्याची वात खाली घेतं. उस्ताद बघतात, गप्प राहतात, नि सकाळी त्याला एकट्याला बोलावून विचारतात, "कुठला रं बाळा तू?" तो जिन असतो.

मी 'जिन' लिहिलं. संपादकांनी सगळीकडं 'भूत' केलं. चाचांना वाचून दाखवलं तर ते भडकले. "भूत कैकू लिखे? भूत मरेले आदमी का रहता. इनो तो पढनेकू आयेला बच्चा!" आता मला दोन गोष्टी हव्यात. एक, मराठी शब्द. दोन, 'जिन'च ठेवायचा तर सामान्यरूप काय? जिनाने, जिनने, जिन्नाने?

शब्दपिसू
'जिन' नको. निदान आपल्या जिल्ह्यात तरी नको. शिरोळ-हातकणंगल्याकडं 'जिन' म्हटलं की जैनांचे जिनेंद्र, जिनमंदिर, जिनवाणी. 'जिनाने हात लांबवला' असं छापलंत तर पहिलं पत्र जयसिंगपूरहून येईल.

नियमानं जायचं तर परका अकारान्त शब्द, म्हणून उपान्त्य दीर्घ : गरीब, खवीस, तसा 'जीन'. सामान्यरूपात ऱ्हस्व : गरिबाने, खविसाने, जिनाने. संस्कृतातला 'जिन' तत्सम, तो ऱ्हस्वच. म्हणजे प्रथमेत फरक कळेल, तृतीयेत दोघे पुन्हा एकच.

तांबडा_रस्सा
आणि 'जीन' म्हणजे घोड्यावरचं, 'जीन' म्हणजे प्यांटीचं कापड, खानदेशात 'जीन' म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बारावीच्या पोराला 'जीन' म्हणजे जनुक. एवढ्या गर्दीत तुमचं पोरगं सापडणार कुठं?

शब्दपिसू
म्हणूनच 'जिन्न'. दोन न. मूळ अरबीतही न दुहेरीच आहे.

तांबडा_रस्सा
'जिन्नाने हात लांबवला.' भावा, हे फाळणीच्या धड्यातलं वाक्य झालं.

अमरकोशी
मूळ प्रश्नाकडे येतो. संपादकांचे अगदीच चुकलेले नाही, चुकली आहे आपली आजची मराठी. अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या शब्दकोशात, पाहा : 'विद्याधराप्सरोयक्षरक्षोगन्धर्वकिंनराः । पिशाचो गुह्यकः सिद्धो भूतोऽमी देवयोनयः ॥' इथे 'भूत' ही योनी आहे, जन्मतःच तशी. मेलेल्या माणसाचा त्यात संबंध नाही. मेल्यावर जो होतो तो प्रेत. आपण दोन्हींची खिचडी केली.

तरीही मी 'भूत' सुचवणार नाही. याच श्लोकात नेमका शब्द आहे : गुह्यक. कुबेराचे सेवक, धनाचे राखणदार. गुह् म्हणजे लपवणे. अरबीत ज-न-न या धातूचा अर्थही झाकणे, लपणे असाच आहे असे वाचले आहे. दोन भाषांनी एकाच कल्पनेला एकाच अर्थाचे नाव दिले. इतका चपखल प्रतिशब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

तांबडा_रस्सा
सर, पोरं मोठ्यानं वाचतात हो दिवाळी अंक. गुह्यक म्हटल्यावर वर्गात काय होईल तुम्हीच सांगा.

काझीगल्ली
अमरकोशी सर, धातू बरोबर आहे. जन्नत म्हणजे झाडांनी झाकलेली बाग, जनीन म्हणजे पोटातला गर्भ, मजनून म्हणजे ज्याची बुद्धी झाकली गेली तो (आपला मजनू तोच). सगळी एका घरातली. पण 'लपलेला' एवढ्यावर थांबलात तर जिन हातातून सुटतो.

जिन हे मुळात देवाचे सेवकही नाहीत नि भुतंही नाहीत. ती माणसासारखी एक जात आहे, म्हणजे निर्मिलेला एक वेगळा जीव. कुराणात 55व्या सूरेत (अध्यायात) लागोपाठ दोन आयती (वचनं) आहेत : माणूस खापरासारख्या खणखणीत मातीचा केला आणि जिन धूर नसलेल्या ज्वाळेचे केले. 15व्या सूरेत म्हटलंय की त्यांना माणसाच्या आधी केलं. फरिश्ते (देवदूत) नूरचे, म्हणजे उजेडाचे, ते हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) येतं. मग पुढं : जिन आणि माणूस दोघांनाही इबादतीसाठीच, देवाच्या भक्तीसाठीच, निर्माण केलं (51:56, म्हणजे सूरा 51, आयत 56). म्हणजे हिशोब दोघांनाही द्यायचा आहे. फरिश्त्यांना तो नाही, ते हुकूम मोडतच नाहीत. जिनांना निवड आहे. 72व्या सूरेचं नावच 'अल्-जिन्न'. जिनांची एक टोळी कुराण ऐकते, चकित होते, आपल्या लोकांकडं जाऊन सांगते. त्यात ते स्वतःबद्दलच म्हणतात की आमच्यात काही नेक आहेत, काही तसे नाहीत, आम्ही वेगवेगळ्या वाटांचे.

त्यांची लग्नं होतात, पोरंबाळं होतात, ते खातात-पितात, मरतात. म्हणून चाचांचं पोरगं मदरशात येऊन बसलं यात चाचांना नवल नव्हतंच. नवल फक्त हात लांब झाल्याचं.

आणि 'भूत' का चालत नाही, तर आमच्यात मेलेल्याची रूह (आत्मा) बरजखात, म्हणजे कयामतीपर्यंतच्या मधल्या मुक्कामात, जाते. ती पिंपळावर बसून राहत नाही. मेलेला माणूस जिन होत नाही.

शब्दपिसू
मग इब्लीस? तो तर फरिश्ता होता ना?

काझीगल्ली
यावर मौलवींमध्येही वाद झालेत. आदमला सजदा करायचा (डोकं टेकायचा) हुकूम फरिश्त्यांना होता आणि त्यात इब्लीसनं नकार दिला, म्हणून काहीजण त्याला फरिश्त्यांत धरतात. पण 18:50 मध्ये सरळ आहे, 'तो जिनांपैकी होता'. आणि तो स्वतःच म्हणतो, मला आगीपासून केलंस, ह्याला मातीपासून. सैतान हे मात्र जातीचं नाव नव्हे, ते लक्षण. कुराणात माणसांतलेही सैतान आहेत आणि जिनांतलेही.

रंकाळाराउंड
मला एक जोडायचंय. जनाना! वाड्यातला पडद्याआडचा भाग. झाकलेला, लपलेला. तोही ह्याच ज-न-न मधून आला असणार. लहानपणी आजोळच्या वाड्यात जनान्याच्या दाराला वाळ्याचा पडदा असायचा, आत कोण आहे दिसायचं नाही, फक्त बांगड्या ऐकू यायच्या.

शब्दपिसू
पडदा छान. व्युत्पत्ती नाही. जनाना फारसी, 'ज़न' म्हणजे बाई यावरून. संस्कृतातल्या 'जनि'ची चुलत बहीण. अरबी धातूशी काही नातं नाही.

रंकाळाराउंड
आणि जिन्नस?

शब्दपिसू
तो 'जिन्स', शेवटी स. धातू वेगळा. ग्रीक 'गेनोस'वरून अरबीत आला. तुम्ही आता जिन्याकडं जाणार हे दिसतंय, तेव्हा तोही आधीच सांगतो, नाही.

रंकाळाराउंड
असू द्या. माझा जनाना मला पटलेलाच आहे.

अमरकोशी
इंग्रजीतला 'जीनी' मात्र मौजेचा आहे. फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालां याने 1704पासून अरबी रात्रींच्या गोष्टी (अरेबियन नाइट्स) छापायला सुरुवात केली. फ्रेंचात 'जेनी' शब्द आधीपासून होता, लॅटिन 'जीनियस'वरून आलेला, आणि अर्थ होता माणसाचा रक्षक आत्मा. जिनला आवाजाने जवळचा, म्हणून त्याच शब्दाला अरबी कपडे घातले. लॅटिन जीनियस आणि आपला जन्, जनन, जनुक हे सगळे एका कुळातले. म्हणजे इंग्रजी 'जीनी' आपला नातेवाईक, आणि अरबी 'जिन्न' परका.

तांबडा_रस्सा
मग पोरगं दिव्यातनं बाहेर काढा की. 'हुकूम मेरे आका' म्हणतं ते. त्याला आपल्या पुस्तकात 'राक्षस' लिहितात. शाळेतल्या नाटकात मीच झालतो. निळा रंग अंगाला, निघता निघेना.

काझीगल्ली
दिवा आणि अंगठीवाला तो जिन कुराणातला नाही. अल्लादीनची गोष्टसुद्धा गालांच्या आधीच्या अरबी हस्तलिखितात सापडत नाही. गालांनं ती 1709 साली हन्ना दियाब नावाच्या हलबच्या माणसाकडून ऐकली. त्याच्या त्या गोष्टीत 'तीनच इच्छा' ही अटही नाही, ती नंतरची. कुराणात जिन कुणाचे नोकर असतील तर ते हजरत सुलेमान यांचे. कोरीव काम, हौदाएवढी ताटं, जागची न हलणारी कढई असली कामं करायचे. आणि सुलेमान गेले तेव्हा काठीला टेकून उभेच होते. जिन राबत राहिले. काठी किड्यानं पोखरली, देह पडला, तेव्हा त्यांना कळलं. तिथं आयत म्हणते, त्यांना गैब (नजरेआडचं) ठाऊक असतं तर ते त्या हालात राहिलेच नसते. मला त्यातलं हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जिनला विचारून चोरीचा माल सांगतो म्हणणाऱ्या कुठल्याही बाबाला हे ऐकवावं.

पुरोगामी_पेठ
बाबाला आयत ऐकवण्यापेक्षा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा ऐकवा. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर गुन्हा. 'मी भूत नाही, जिन उतरवत होतो' असा बचाव चालणार नाही म्हणजे मिळवली. आणि सर सय्यद अहमद खानांनी एकोणिसाव्या शतकातच जिन म्हणजे अदृश्य प्राणी नव्हे, रानटी, दूर राहणारी माणसं असा अर्थ लावला होता. तेव्हा सगळे मुसलमान एकच मानतात असं समजू नये.

काझीगल्ली
लावला होता, खरंय. त्यावर गदारोळही झाला. बहुतेक आलिम (धर्मपंडित) आजही जिनला अक्षरशः जिनच मानतात. मी काय मानते ते राहू द्या. इथं शब्दाची चर्चा आहे. लग्नातल्या वाक्याचं भाषांतर करताना भटजींचा देवावर विश्वास आहे का हे आपण विचारत नाही.

मुडशिंगीकर
आमच्याकडं जुनी माणसं सरळ 'खवीस' म्हणायची. मुसलमानाचं भूत ते खवीस. मग हा शब्द का नको?

काझीगल्ली
त्याच कारणासाठी नको. मूळ अरबी 'खबीस', म्हणजे घाण, दुष्ट. संडासात जाताना दुवा म्हणतात त्यात खुब्स आणि खबाइस यांच्यापासून पनाह मागतात. आपल्याकडं येता येता 'दुष्ट'चं 'मुसलमान मेल्यावर होतं ते' झालं. गावानं कुणाला ब्रह्मसमंध केलं, कुणाला मुंजा, आमच्या वाट्याला शिवीच आली.

मुडशिंगीकर
शिवी म्हणून नव्हं हो. आमचा आज्जा स्वतःच्या थोरल्या पोरालाच म्हणायचा, "खविसासारखा दारात उभा राहू नको, उजेड अडतोय." आणि मोहरमात कत्तलच्या रात्री त्याच आज्ज्याला बाबूजमाल दर्ग्यात पंज्यापुढं हात जोडताना बघितलंय.

शब्दपिसू
वापरातनं शब्द धुतला जातो. मूळ अर्थ काढून बसलो तर निम्मी मराठी टाकून द्यावी लागेल.

अमरकोशी
धुतला जातो की मळतो हाच तर प्रश्न आहे! यक्षिणीची जखीण झाली, अप्सरांच्या आसरा झाल्या. एक कुबेराच्या दरबारात होती, ती आता उंबरावर बसते. दुसऱ्या इंद्राच्या सभेतून थेट विहिरीत. याला आपण 'वापर' म्हणायचे?

मुडशिंगीकर
आसरा म्हंजे अप्सरा? आमच्या मळ्यातल्या विहिरीवर सात आसरा आहेत. सात दगड, शेंदूर. आई हळदकुंकू वाहिल्याशिवाय मोटर चालू करू देत नाही. तिला सांगतो अप्सरा आहेत म्हणून.

पंचगंगाकाठी
मंडळी, अंक उद्या छापायला जातोय. जिन्न, जीन, की गुह्यक?

शब्दपिसू
जिन्न. आणि 'जिन्नाने' टाळायचं असेल तर वाक्य फिरवा. 'त्या पोराने हात लांबवला.' गोष्टीत तो शेवटपर्यंत पोरगंच आहे.

काझीगल्ली
आमच्या घरात एकट्यालाही 'जिन्नात'च म्हणतात. अनेकवचन आहे, पण उर्दू-दखनीत एकवचनासारखं चालतं. 'जिन्नातने' म्हटलं की फाळणीही नाही नि जैनधर्मही नाही.

अमरकोशी
अरबीतले अनेकवचन मराठीत एकवचन म्हणून? आणि शब्दपिसू, आपण तर नियमाचे भोक्ते.

शब्दपिसू
'अखबार'सुद्धा अरबीत अनेकवचनच आहे. 'औलाद' पण. कोणी 'एक वलद' म्हणतं का?

तांबडा_रस्सा
शिव्या देताना 'औलाद' एकवचनीच बरी पडते.

मुडशिंगीकर
ते 'लागीर' कुठनं आलं पण? आसरांचं लागीर, खविसाचं लागीर. जिन्नातचं पण लागीर म्हणायचं का?

काझीगल्ली
आम्ही 'असर' म्हणतो. नाहीतर 'हवा लगी'. मगरिबच्या वक्ताला लेकरांना बाहेर सोडू नये हे हदीसमध्येच आहे, त्यावरून आमच्या दादी सगळ्या गल्लीला आत हाकायच्या. हिंदूंची पोरं पण.

मुडशिंगीकर
आमची आजी तिन्हीसांजेला तेच करायची.

रंकाळाराउंड
लागीर हे 'लागणे'वरून सरळ आहे. पण शेवटचा 'ईर'? 'खोगीर'मधला तर नाही? अंगावर चढतं ते खोगीर, अंगाला लागतं ते लागीर.

शब्दपिसू
खोगीर फारसी आहे हो.

रंकाळाराउंड
म्हणजे नाही असं तर म्हणत नाही ना तुम्ही?