मदत हवी आहे: मृगातल्या तेजोमेघाच्या फोटोत रेघा येतायत

गच्चीकर:
एम-४२, म्हणजे मृगातला तेजोमेघ, टिपतोय. प्रत्येक फ्रेममध्ये पांढऱ्या रेघा, आणि आकाश काळं न येता नारिंगी-राखाडी. सेटिंग सगळी नीट आहे. रविवारी मुलांना दाखवायचंय, लवकर सांगा.

स्वाती_नक्षत्र:
कुठून? किती वाजता? लेन्स, एक्स्पोजर? रेघ सलग की तुटक ठिपक्यांची? ठिपके असतील तर ते विमान.

जंगलवाट:
मुंबईतून नाद सोडा. पेंचला जा, २०२४ मध्ये डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र) झालंय.

गच्चीकर:
रविवारपर्यंत पेंच कसं जमणार? मुलुंड, बिल्डिंगची गच्ची. ट्रॅकर आहे (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र), लेन्स २०० मिमी, एक्स्पोजर ३० सेकंद. साडेसातला काढतो. रेघा सलग.

अण्णा_डोंबिवली:
हा अवकाशातला कचरा. २००९ मध्ये अमेरिकेचा इरिडियम आणि बंद पडलेला रशियन कॉसमॉस हे उपग्रह सायबेरियावर एकमेकांवर आदळले, २००० च्या वर तुकडे झाले. यावर कोणी बोलत नाही!

स्वाती_नक्षत्र:
अण्णा, मुद्दा गंभीर आहे, पण ते तुकडे या लेन्सला दिसण्याइतके उजळ नसतात. हे बहुतेक चालू उपग्रह. २०१९ पासून स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांचे, थवेच्या थवे वर गेलेत. साडेसातला आपल्याकडे अंधार असला तरी ते फिरतात त्या ५५० किमी उंचीवर अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतात. दहानंतर बहुतेक सगळे पृथ्वीच्या सावलीत जातात, तेव्हा काढा. एक्स्पोजर १० सेकंद ठेवा, मुंबईचं आकाश ३० सेकंदांत पार धुऊन निघतं. भरपूर फ्रेम घेऊन सिग्मा क्लिपिंगने (बाकी फ्रेमशी न जुळणारे ठिपके गाळून) स्टॅक करा, म्हणजे सगळ्या फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवा. रेघ दर फ्रेममध्ये वेगळ्या जागी पडते, म्हणून ती गाळली जाते.

अण्णा_डोंबिवली:
लाइट पोल्युशन फिल्टर लावा. आम्ही वर्षानुवर्षं वापरला, आकाश काळंभोर यायचं.

स्वाती_नक्षत्र:
तेव्हा सोडियमचे दिवे होते, त्यांचा पिवळा पट्टा तेवढा अडवता यायचा. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. ड्युअल बँड फिल्टर (ठरावीक दोनच रंगपट्टे आत सोडणारा) या तेजोमेघाला चालेल, त्याचा प्रकाश बराचसा त्याच रंगांत असतो; देवयानी दीर्घिकेला नाही, तिचा सगळ्या रंगांत असतो.

नवखा_ठाणे:
मुलांसाठी पहिली दुर्बीण डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्यावी का?

जंगलवाट:
वांगणीला तरी जा, मुंबईकर आकाशप्रेमींची जुनी जागा आहे. तिथेही आता उजेड वाढलाय म्हणा.

स्वाती_नक्षत्र:
गच्चीकर, काढाल त्या रात्री चंद्र किती आहे ते पाहिलंत का? पौर्णिमेच्या आसपास असेल तर हे सगळं करूनही आकाश उजळच येणार.

गच्चीकर:
चंद्र बघतो. पण दहाला गच्चीला कुलूप लागतं. आधी सेक्रेटरींकडे किल्ली मागतो.