शब्दचर्चा: गोळीला ‘आकार देणे’ की ‘मापात घेणे’? आणि वंगण लावायचं की भरायचं?

प्रश्न

नेमबाजीचा छंद असलेल्यांसाठी शिशाच्या ओतीव गोळ्यांवर मराठीत एक लेख लिहितो आहे. ओतकामाच्या भागात शब्दांची अडचण आली नाही. शिसं, कथील, साचा, रस, मळी, सगळे वापरातले शब्द. गाडी अडली ती पुढच्या दोन कामांवर. साच्यातून निघालेली गोळी पोलादी डायच्या भोकातून दाबून नेमक्या व्यासाची करतात, ते साइझिंग. तिच्या अंगावरच्या खाचांत मेणासारखा पदार्थ बसवतात, ते लुब्रिकेटिंग. पहिल्याला मी ‘आकार देणे’ लिहिलं आहे, दुसऱ्याला ‘स्नेहन’. दोन्ही कानाला खटकतात. जे रोज धातूकाम करतात ते काय म्हणतील?

प्रतिसाद १

‘आकार देणे’ नक्की काढा. आकार साच्याने आधीच दिलेला असतो: टोक, बूड, अंगावरच्या खाचा, सगळं तयार होऊनच गोळी बाहेर पडते. डायमध्ये बदलतं ते माप. वर्कशॉपमध्ये कोणीही ‘जॉबला आकार दे’ म्हणत नाही. ‘दोन थाऊ जास्त आहे, मापात घे’ असंच म्हणतात (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जवळपास ०.०२५ मिलिमीटर). तेव्हा ‘गोळी मापात घेणे’ हा सरळ, बोलता शब्द आहे.

एक काळजी मात्र घ्या. लेथवर मापात घेणं म्हणजे कातून घेणं, आणि इथे काही कातलं जात नाही. शिसं दबतं, सरकतं. व्यास कमी होतो आणि ती भर थोडी लांबीत, थोडी खाचांत जाते. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘दाबून मापात घेणे’ लिहा, पुढे नुसतं ‘मापात घेणे’ चालेल. ‘तासणे’, ‘घासणे’, ‘कातणे’ यातलं क्रियापद चुकूनही नको. डायमधून शिशाचा कीस निघू लागला तर डायची धार चुकली आहे किंवा गोळी फारच जाड आहे, असं वाचकाला कळायला हवं. ‘तासणे’ लिहिलंत तर त्याला तो कीस योग्यच वाटेल.

आता कोणतं माप, हेही शब्दांतच नीट बांधून घ्या. ‘नळीच्या मापाची करणे’ असं लिहू नका. रायफलच्या नळीत आतून पीळदार चर कोरलेले असतात, म्हणून तिला दोन मापं असतात, उंचवट्यांमधलं आणि चरांमधलं. ओतीव गोळी साधारणपणे चरांच्या व्यासापेक्षा एक ते दोन थाऊ जास्त ठेवतात. चरांचं माप ०.३०८ इंच असेल तर गोळी ०.३०९ किंवा ०.३१०. हे जास्तीचं एक-दोन थाऊ म्हणजेच गोळीची पकड आहे. गोळी सैल राहिली तर मागचा तापलेला वायू कडेने पुढे घुसतो, शिसं खरवडतो आणि ते नळीत जाऊन बसतं.

प्रश्नकर्ता

‘मापात घेणे’ पटलं. पण मग साच्यातून निघतानाचं माप आणि डायनंतरचं माप यांना वेगळे शब्द हवेत. लेखात दोन्ही सतत येतात.

प्रतिसाद १

‘ओतीव माप’ आणि ‘घेतलेलं माप’. पहिलं फक्त साच्यावर ठरत नाही. एकाच साच्यातून नुसत्या शिशाची गोळी जरा बारीक निघते आणि अँटिमनी भरपूर असलेल्या मिश्रधातूची जाड, कारण ती गार होताना कमी आक्रसते. छापखान्यातल्या जुन्या लायनोटाइप यंत्राचा धातू म्हणूनच ओतणाऱ्यांचा लाडका: साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. तेव्हा ‘साच्याचं माप’ असा शब्द वापरलात तर घोटाळा होईल. मोजायला मायक्रोमीटरच हवा. साधा व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत दाखवतो, आणि आपली सगळी चर्चाच तेवढ्या फरकाची आहे.

प्रतिसाद २

डायसाठी एक जुना शब्द सुचवावासा वाटतो: जंतर. सोनार तार बारीक करायला ज्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ती ओढतो, ते जंतर. तिथेही धातू कापला जात नाही, भोकातून जाताना दबून ठरलेल्या मापाचा होतो. तत्त्व तेच. फरक इतकाच की तार पुढून ओढतात, गोळी मागून ढकलतात. ‘डाय’ सगळ्यांना कळतो म्हणून लेखात तोच ठेवा. पण डायची कल्पना पहिल्यांदा समजावताना जंतराचा उल्लेख केलात तर एका ओळीत चित्र उभं राहील.

प्रतिसाद ३

‘स्नेहन’ पाठ्यपुस्तकात राहू द्या. वंगण हाच शब्द. खरा प्रश्न त्याच्या क्रियापदाचा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे.

१८५७ मुळे ‘चरबी लावलेली काडतुसे’ हे शब्द प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीचे आहेत. तिथे ‘लावलेली’ अगदी बरोबर आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं. त्याचं शेपूट दाताने फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि मग काडतूस उलटं करून गोळी कागदासकट वरून ठासायची. वंगण होतं ते गोळीभोवतीच्या कागदावर, बाहेरून. म्हणून लावलेलं.

आजच्या ओतीव गोळीच्या अंगावर वंगणासाठी खाचा असतात. वंगण भरायच्या यंत्राचा दांडा दाबला की दाबाखालचं वंगण डायच्या छिद्रांतून येऊन त्या खाचा गच्च भरतं. तिथे ‘वंगण भरणे’ म्हणा. ‘लावणे’ म्हटलं की वाचक बोटाने फासेल, खाच अर्धी रिकामी राहील आणि वंगण नळीच्या तोंडापर्यंत पुरणार नाही.

आणखी एक. चरबी, मेण, ग्रीस ही पदार्थांची नावं आहेत. वंगण हे कामाचं नाव. लेखात ती एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका. ‘मेण’ तर नेहमी ‘मधमाश्यांचं मेण’ असं पूर्ण लिहा. मराठीत मेणबत्तीचं पॅराफिनही मेणच, आणि ते एकटं वापरलं तर कडक होऊन खाचेतून टवके उडतात. मधमाश्यांचं मेण आणि अ‍ॅलॉक्स (खनिज तेलापासून केलेला एक वंगणाचा पदार्थ) निम्मं-निम्मं, हे बिनधुराच्या दारूसाठीचं जुनं, प्रसिद्ध मिश्रण. काळ्या दारूसाठी मेणाबरोबर प्राणिज चरबी किंवा वनस्पती तेल घेतात, कारण खनिज तेलाचं वंगण तिच्या काजळीशी मिळून नळीत डांबरासारखा थर धरतं.

प्रश्नकर्ता

यंत्राशिवायच्या दोन पद्धतीही लेखात आहेत. एकीत पातळ वंगणाचे थेंब टाकून गोळ्या डब्यात हलवतात. दुसरीत गोळ्या ताटलीत उभ्या मांडून वितळलेलं वंगण भोवती ओततात. दोन्हीकडे ‘भरणे’ चालेल का?

प्रतिसाद ३

पहिलीला ‘घोळवणे’. गोळीच्या सगळ्या अंगाला पातळ थर बसतो आणि वाळतो, हे सगळं त्या एका क्रियापदात आहे. दुसरीत वंगण गोळ्यांभोवती ‘थिजू द्यायचं’. शिसं गोठतं, वंगण थिजतं. हा भेद पाळलात तर वाक्यात पदार्थाचं नाव नसलं तरी वाचकाला कशाबद्दल चाललं आहे ते समजतं. थिजल्यावर गोळी त्या वडीतून नळकांड्याने कापून काढतात आणि खाचा भरलेल्याच राहतात, तेव्हा परिणाम सांगताना ‘भरणे’ तिथेही योग्य.

प्रतिसाद ४

नळीत शिसं साचतं त्याला ‘शिसं धरणे’ म्हणावं: ‘नळीने शिसं धरलं’. भांडं कीट धरतं तसं. आणि नळीतल्या चरांना ‘आटे’ म्हणू नका, आटे म्हटलं की स्क्रूचे दाट आटे डोळ्यांपुढे येतात. चर पुरेसं आहे.

गोळीच्या बुडाला जो तांब्याचा छोटा पेला बसवतात त्याला काय म्हणणार? टोपी म्हणाल तर ठासणीच्या बंदुकीच्या स्फोटक टोपीशी गोंधळ होईल.

प्रतिसाद १

‘बुडाची वाटी’. ती बुडालाच असते आणि मापात घेताना डायच्या दाबानेच बुडाभोवती आवळली जाते. ‘चिकटवणे’ नको, ‘आवळणे’ लिहा.

‘गोळी’ हा शब्दही लेखाच्या सुरुवातीलाच बांधून घ्या. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाही गोळीच म्हणतो. इथे गोळी म्हणजे फक्त शिशाचा तुकडा. पुंगळी, तिच्या बुडातली पेटवणारी टोपी (प्रायमर), दारू आणि गोळी मिळून काडतूस. ही फोड स्पष्ट नसेल तर ‘गोळी डायमध्ये दाबा’ हे वाक्य धोक्याचं आहे. भरलेलं काडतूस कोणी तिथे दाबता कामा नये. शिसं विषारी आहे, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये आणि ओतकाम मोकळ्या हवेत करावं, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या. आणि जिथे कायद्याने परवाना लागतो तिथे तो आधी, हेही.

प्रश्नकर्ता

मसुदा असा झाला: ‘ओतीव माप मायक्रोमीटरने तपासून गोळी डायमधून दाबून मापात घ्यावी. बुडाची वाटी असल्यास ती याच वेळी आवळली जाते. नंतर खाचांत वंगण भरावे.’

प्रतिसाद १

दोन दुरुस्त्या. ‘नंतर’ काढा, वंगण भरणाऱ्या यंत्रात मापात घेणं आणि भरणं एकाच दाबात होतं, आणि घोळवण्याच्या पद्धतीत बरेच जण मापात घेण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा एकदा घोळवतात.

दुसरी, गोळी डायमध्ये कोणत्या बाजूने जाते ते लिहा. आरपार ढकलायच्या डायमध्ये ‘टोक पुढे’, वंगण भरणाऱ्या यंत्रात ‘बूड पुढे’. दोन्हीकडे दाब सरळ यायला हवा. गोळी तिरपी गेली की बुडाची एक कड जास्त दबते. टोकाला थोडा धक्का लागला तर नेम फारसा बिघडत नाही. बुडाची कड दुखावली तर नळीच्या तोंडाशी वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळी तिथूनच भरकटते. त्यामुळे तपासायच्या सूचनेत ‘गोळी पाहावी’ असं मोघम न लिहिता ‘बुडाची कड सगळीकडून सारखी आहे का ते पाहावे’ असं लिहा.