करवल्यांना दागिना कोणता द्यावा : मोत्याच्या कुड्या, चांदी की एक ग्रॅमचा संच?

निशिगंध (पुणे)

नमस्कार. येत्या मार्गशीर्षात माझे लग्न पुण्यात आहे. मला सख्खी बहीण नाही. करा-दिवा घेऊन मागे उभे राहण्याचा मान मावसबहिणीचा असला, तरी मांडवात माझ्याबरोबर पाच जणी असतील : मावसबहीण, आतेबहीण, महाविद्यालयापासूनच्या दोन मैत्रिणी (एक बंगळूरूची, एक लखनौची) आणि मँचेस्टरहून येणारी माझी सहकारी. खरेदीपासून रुखवताच्या तयारीपर्यंत या सगळ्या माझ्यासाठी राबत आहेत, म्हणून साडीच्या जोडीला प्रत्येकीला एखादा दागिना द्यावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. प्रत्येकी चार-पाच हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

मेकअप करणाऱ्या ताईंचे म्हणणे असे की, सध्या सगळ्या करवल्या एकाच रंगाची नऊवारी आणि नथ, चिंचपेटी, तन्मणी, बाजूबंद असा एकसारखा पेशवाई साज घालतात, फोटोंत ते उठून दिसते, आणि एक ग्रॅमचा असा पूर्ण संच माझ्या अंदाजपत्रकात बसतो. आईचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे : पैसे तेवढेच लागू देत, पण वस्तू लहान आणि खरी असावी. मला दोघींचेही पटते आणि त्यामुळेच निर्णय होत नाही. शिवाय एकीचे कान खोट्या दागिन्यांनी चिघळतात, तिघींची नाके टोचलेली नाहीत, आणि मँचेस्टरची मैत्रीण परत गेल्यावर चिंचपेटी कशावर घालणार, हाही प्रश्न आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

सोनसाखळी (कोल्हापूर)

आमच्या घरी गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, सराफीचा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्यापुढचे दोन प्रश्न आधी वेगळे करा. लग्नाच्या दिवशी पाच जणींनी काय घालावे हा एक प्रश्न, आणि तुम्ही त्यांना कायमचे काय द्यावे हा दुसरा. या दोन्हींचे उत्तर एकाच खरेदीत शोधले की पैसा फोटोवर जातो आणि भेट कपाटाच्या तळाशी जाते. एक ग्रॅमचा दागिना म्हणजे पितळ किंवा तांब्याच्या दागिन्यावर दिलेला सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. नाव एक ग्रॅमचे असले तरी त्यात एक ग्रॅम सोने असतेच असे नाही. घाम आणि अत्तर लागून तो मुलामा उतरू लागला की खालचा धातू दिसतो, आणि सराफ त्याची मोड घेत नाही. एका दिवसाच्या हौसेसाठी तो अगदी योग्य आहे. तुळशीबागेत किंवा मुंबईत भुलेश्वरला असे संच भरपूर मिळतात, आणि आता ते भाड्यानेही मिळतात. पण ज्या मैत्रिणीने आपल्यासाठी सुट्ट्या खर्ची घातल्या, तिच्या हातात ठेवायची वस्तू ती नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भेटीसाठी मी चांदीच्या, सोन्याचे पाणी दिलेल्या मोत्याच्या कुड्या सुचवेन. मध्ये एक मोती आणि भोवती सहा, अशी ही सात मोत्यांची घडण नऊवारीवर शोभते, कांजीवरमवर शोभते, लखनवी कुर्त्यावर शोभते, आणि लहान आकाराची घेतली तर कोटाच्या कॉलरजवळही परकी वाटत नाही. चिंचपेटी किंवा तन्मणी यांना तेवढी मोकळीक नसते. त्यांना साडी लागते, प्रसंग लागतो आणि मानेचे मापही लागते.

घेताना पुढील गोष्टी नक्की पाहा. चांदी ९२५ची, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध असावी. निव्वळ शुद्ध चांदी मऊ असल्याने मोत्याचे कोंदण आणि मागची दांडी तिच्यात टिकत नाही. चांदीला हॉलमार्क सोन्यासारखा सक्तीचा नसला, तरी छाप असलेला माल मिळतो, तोच मागा. घडणावळ वजनावर लावली आहे की नगावर, हे आधी विचारून घ्या, कारण कुड्यांसारख्या हलक्या दागिन्यात चांदीच्या किमतीपेक्षा घडणावळच जास्त होऊ शकते. एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी लागेल. बिलावर चांदीचे वजन आणि मोत्यांची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. मोत्यांसकट सगळा दागिना चांदीच्या भावाने तोललेला असेल तर ते दुकान सोडा.

आता मोत्यांविषयी. आजी म्हणायची ते बसऱ्याचे, म्हणजे आखातातल्या समुद्रात आपोआप तयार झालेले मोती आता बाजारात जवळजवळ दिसतच नाहीत. आज मिळणारे खरे मोती बहुतेक सगळे संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले असतात, आणि तुमच्या किमतीत गोड्या पाण्यातले, म्हणजे बहुधा चीनमधून आलेले असतील. त्यात कमीपणा काहीच नाही, तेही शिंपल्यातच वाढलेले असतात. फसवणूक होते ती काचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यावर चकाकी चढवून तो मोती म्हणून विकला जातो तेव्हा. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासून पाहा. खऱ्या मोत्यांना बारीक रेतीसारखा खरखरीतपणा जाणवतो, बनावट मणी गुळगुळीत सरकतात. मण्याला छिद्र आरपार असेल तर भिंगातून त्याची कड पाहा. बनावट मण्याची चकाकी तिथे रंगाच्या पापुद्र्यासारखी उचललेली दिसते, खऱ्या मोत्याची कड स्वच्छ असते. पाचही जोडांतले मोती एकाच आकाराचे आणि एकाच झाकेचे जुळवायचे असतील, तर कारागिराला तसे आधी सांगावे लागते, कारण एका लडीतही दुधाळ, गुलाबीसर आणि पिवळसर मोती शेजारी शेजारी असतात.

कान चिघळणाऱ्या मैत्रिणीचा त्रास बहुधा निकेलमुळे असेल. स्वस्त दागिन्यांच्या मिश्रधातूत किंवा मुलाम्याखालच्या थरात ते असते. ब्रिटन आणि युरोपात अंगाला लागणाऱ्या दागिन्यांतून किती निकेल झिरपू शकते यावर कायद्याने मर्यादा आहे. आपल्याकडे ते आपणच विचारावे लागते. दांडी आणि फिरकी दोन्ही चांदीच्याच हव्यात, असे कारागिराला बजावून सांगा. अनेकदा कुडी चांदीची असते आणि फिरकी मात्र पितळेची जोडलेली असते, आणि कानाला सर्वांत घट्ट चिकटून बसते ती फिरकीच.

शंखपुष्पी (ठाणे)

सोनसाखळी यांनी केलेली विभागणी मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिला एक चांगला जुना दाखलाही आहे. नववधूच्या सख्यांना दागिना भेट देण्याची जी इंग्रजी पद्धत आज आपल्याकडच्या फोटोंतून पुन्हा दिसू लागली आहे, तिचे एक प्रसिद्ध उदाहरण राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातले आहे. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या त्या लग्नात तिच्या झग्याचा घोळ धरणाऱ्या बारा मुली होत्या. त्यांच्या पांढऱ्या पोशाखाचे रेखाटन राणीने स्वतः करून दिले होते आणि त्यावर पांढरे गुलाब होते. भेट मात्र त्या पोशाखाचा भाग नव्हती. प्रत्येकीला पिरोजांनी मढवलेला गरुडाचा ब्रोच मिळाला. डोळे माणकाचे, चोच हिऱ्याची आणि पंजांत मोती. त्याची कल्पना राजपुत्र अल्बर्टची होती आणि गरुड हे त्याच्या घराण्याचे चिन्ह होते. त्यांतला एक ब्रोच आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पोशाख त्या सकाळचा होता, ब्रोच पुढच्या सगळ्या आयुष्यासाठी होता.

म्हणून माझी सूचना थोडी निराळी आहे. पदराला लावायची चांदीची पिन किंवा छोटा ब्रोच करून घेता येईल, आणि त्यावर तुमच्या पैठणीच्या पदरातलेच एखादे चिन्ह घेता येईल, उदाहरणार्थ बांगडीत बसलेला मोर किंवा कमळ. तुमच्या साडीवर जे विणलेले आहे तेच त्यांच्या खांद्यावर धातूत उमटेल. यात नाक-कान टोचण्याचा प्रश्न येत नाही, मापाचा येत नाही, आणि मँचेस्टरची मैत्रीण तो हिवाळ्यात लोकरी कोटावर लावेल. एवढीच काळजी घ्या की पिनेची तार बारीक आणि टोक तीक्ष्ण असावे. जाड पिनेने रेशमाचा धागा सरकतो आणि पदरावर कायमचे भोक राहते. पदराच्या निऱ्या नीट घालून, आतल्या ब्लाउजच्या कापडासकट पिन लावली की वजन रेशमावर येत नाही.

फॅशनबद्दल म्हणाल, तर ती पाहावी, तिचा आनंदही घ्यावा, पण भेट तिच्या वेगाने ठरवू नये. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्माने इटलीत फिकट गुलाबी लेहंगा घातला आणि त्यानंतर आपल्याकडच्या लग्नांत लाल-हिरव्याच्या जागी फिके रंग दिसू लागले. एप्रिल २०२२ मध्ये आलिया भटने हस्तिदंती साडी नेसली आणि वधूने लेहंगाच घालावा हा आग्रहही सैल झाला. फिक्या रंगांबरोबर पाचूसारखे हिरवे खडे आले, मग मंदिर घडणीचे दागिने, मग ऑक्सिडाइज्ड चांदी. सध्याच्या पेशवाई साजाची लाट मला या सगळ्यांत जवळची वाटते, कारण तिच्यामुळे बुगडी, वाकी, तन्मणी ही आपली नावे पंचविशीतल्या मुलींच्या तोंडी पुन्हा आली. मात्र पाच जणींना एकाच रंगाच्या नऊवारीत उभे करण्यापेक्षा एकाच काठाच्या पाच वेगवेगळ्या रंगांच्या साड्या घ्याव्यात, असे मी सुचवेन. प्रत्येकीच्या वर्णाला शोभेल तो रंग मिळतो आणि काठामुळे फोटोत मेळही राहतो.

म्हापसेकर (गोवा)

मला एका बाबतीत वेगळे म्हणायचे आहे. आमच्याकडे ख्रिस्ती मैत्रिणींच्या लग्नात वधूच्या सोबतिणी हा फार जुना रिवाज आहे, आणि मी स्वतः तशी सोबतीण होते. तिथे सगळ्यांचे गाऊन एका कापडाचे, फुलांचे गुच्छ एकसारखे आणि दागिनाही एकसारखा असतो. हा एकसारखेपणा केवळ फोटोसाठी असतो असे मला वाटत नाही. त्या दिवशी चर्चमध्ये वेदीकडे चालताना आम्ही सगळ्या तिच्या आहोत, हे कुणाला सांगावे लागत नाही, आणि त्यात जी कमी कमावते आणि जी जास्त कमावते ती एकाच रांगेत उभी राहते. मला मिळालेले मोत्याचे साधे टॉप्स मी आजही कार्यालयात घालते.

म्हणून ताई, तुम्ही कुड्या द्या किंवा ब्रोच द्या, पण पाचही जणींना एकच द्या, एकाच वजनाचे द्या. बहिणींना सोन्याचे आणि मैत्रिणींना चांदीचे असा भेद कृपया करू नका. घरातली मोठी माणसे प्रेमानेच तसे सुचवतात, पण पाच जणी एकाच खोलीत तयार होत असताना पाच डब्या एकत्र उघडल्या जातात.

आणि दुसरी विनंती : दिलेला दागिना त्या दिवशी घातलाच पाहिजे, अशी अट ठेवू नका. ज्या मैत्रिणीकडे स्वतःच्या आजीची झुमकी आहे, तिला ती घालू द्या.

निशिगंध (पुणे)

तिघींचेही मनापासून आभार. आईला हे सगळे वाचून दाखवले. पाचही जणींना एकाच घडणीच्या, चांदीच्या मोत्याच्या कुड्या द्यायचे आम्ही ठरवले आहे. साड्या एका काठाच्या आणि पाच रंगांच्या घेऊ. चिंचपेट्या भाड्याने आणू. ब्रोचची कल्पना मला इतकी आवडली आहे की, मोराची एक पिन मी स्वतःसाठी करून घेणार आहे.

आणखी दोन शंका आहेत. नाक न टोचलेल्या तिघींना चापाची नथ दिवसभर सोसेल का? आणि कुड्या केव्हा द्याव्यात : आधी, की लग्नाच्या सकाळी?

सोनसाखळी (कोल्हापूर)

चापाची नथ दिवसभर घालायचीच नाही. मंगलाष्टकांच्या थोडे आधी घालावी आणि फोटो आटोपले की काढून ठेवावी. नथ हलकी घ्या. मोती जितके मोठे तितकी ती पुढे झुकते, आणि ती घसरू नये म्हणून चाप जास्त आवळावा लागतो, मग नाकपुडीवर लाल वळ उठतो. चापाच्या टोकांना बारीक रबरी नळीचा तुकडा बसवलेला असेल तर तो काढू नका, कातडीला तोच वाचवतो. मेकअप करणाऱ्या ताईंना सांगा की चाप बसतो तिथे तेलकट काही लावू नये. आदल्या आठवड्यात तिघींनाही घरी अर्धा तास नथ घालून बसू द्या. जिला अजिबात सोसणार नाही तिला तेव्हाच कळेल, आणि तिने नथ घातली नाही तरी काही बिघडत नाही.

कुड्या आधी द्या. मेंदीच्या दिवशी सगळ्या एकत्र असतील, तेव्हा हळदीकुंकू लावून हातात द्या. त्यामुळे फिरकी सैल आहे का, दांडी कानाच्या छिद्राला जाड पडते का, हे पाहायला आणि बदलून घ्यायला वेळ राहतो. लग्नाच्या सकाळी सराफाची पेढी उघडलेली नसते. कारागिराला मात्र दिवाळीच्या आधीच काम द्या. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की प्रत्येक कारागिराच्या हातात नवरीचे दागिने असतात, आणि चांदीच्या हलक्या कामाला तो सर्वांत शेवटी हात लावतो.

डबीत एक चिठ्ठी जरूर ठेवा, विशेषतः परदेशी जाणाऱ्या मैत्रिणीसाठी : अत्तर आणि केसांचा फवारा मारून झाल्यावर कुड्या घालाव्यात, उतरवताना त्या सर्वांत आधी उतरवाव्यात, मऊ सुती कापडाने पुसाव्यात आणि चांदी उजळण्याच्या द्रावणात कधीही बुडवू नयेत. त्या द्रावणाने सोन्याचे पाणी उतरेल आणि मोत्याची झिलईही जाईल. पुढे कधी मोती निखळला, तर तो जपून ठेवून बिलासह आपल्या सराफाकडे पाठवायला सांगा. बिलाची एक प्रत म्हणूनच प्रत्येक डबीत हवी, फक्त किमतीचा भाग दुमडून ठेवा.