स्नायू फडफडतात, पण ताकद शाबूत आहे : ई.एम.जी. (स्नायूत सुई घालून केलेली) चाचणी करावी का? आपले अनुभव लिहा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या डाव्या पोटरीतला स्नायू आपोआप उडू लागला. त्वचेखालून एखादी अळी सरकावी तसे ते दिसत असे. पाय पसरून बसलो की सुरू होई आणि उठून चालू लागलो की थांबे. आठवडाभरात तीच फडफड दंडात आणि मांडीतही जाणवू लागली. पापणी लवली तर आपल्याकडे कोणी घाबरत नाही, घरातली वडीलधारी मंडळी उलट उजवी की डावी एवढेच विचारतात. पण पोटरी उडते म्हणून रात्री मोबाईलवर शोधायला बसले, तर पाच मिनिटांत मोटर न्यूरॉनच्या आजाराचे (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाणाऱ्या गंभीर आजाराचे) नाव समोर येते आणि झोप उडते.

मज्जाविकारतज्ज्ञांनी मला अर्धा तास तपासले. आधी चवड्यांवर आणि मग टाचांवर चालायला लावले, तोंड उघडून जीभ आतच सैल ठेवायला सांगितली, गुडघ्यांवर हातोडी मारली, तळपायावरून बोथट टोक ओढले आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून कागदावर लिहिला : ३६ आणि ३६ सेंटिमीटर. थायरॉईड, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची रक्ततपासणी सांगितली, मात्र ई.एम.जी. सांगितली नाही. स्नायू किती उडतात यापेक्षा त्यांत ताकद किती आहे हे आपण पाहतो, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे पटायला मला पुढे कित्येक दिवस लागले.

ज्यांनी ही चाचणी करून घेतली, ज्यांना ती नको असे सांगण्यात आले आणि ज्यांच्या घरी ती खरोखरच लागली, त्या सर्वांनी लिहावे ही विनंती. कृपया येथे कोणी कोणाचे निदान करू नये.

संगणक अभियंता, पुणे

मी चाचणी हट्टाने करून घेतली, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एन.सी.व्ही., म्हणजे नसांचा वेग मोजणारी चाचणी, झाली. हात गार असतील तर नसांचा वेग कमी भरतो, म्हणून तंत्रज्ञ ताईंनी माझे पंजे प्रथम गरम पाण्याच्या पिशवीने शेकले, बोटांवर पट्ट्या चिकटवल्या आणि मनगटाजवळ विजेचे छोटे झटके दिले. प्रत्येक झटक्याला अंगठा आपसूक उडत होता. त्यानंतर डॉक्टरांनी बारीक सुई पोटरीत, मांडीत आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागात घातली. सुईला जोडलेल्या यंत्रातून स्नायूचा आवाज ऐकू येतो. स्नायू सैल सोडला की शांतता असते आणि आवळला की लाह्या फुटल्यासारखा तडतडाट होतो. मधूनच एखादा सुटा ठोका ऐकू आला की माझ्या छातीत धस्स होत असे. तीच माझी फडफड होती.

अहवाल निर्दोष आला आणि बारा दिवस मी आनंदात होतो. तेराव्या दिवशी मनात आले की सुई उजव्या पायात घातली होती, मग डाव्याचे काय? तीन महिन्यांत दुसऱ्या ठिकाणी पुन्हा चाचणी केली. या वेळी मनगटात नस किंचित दाबली गेल्याचे निघाले. दिवसभर की-बोर्डवर काम करणाऱ्या कित्येकांत असे सापडू शकते आणि फडफडीशी त्याचा काही संबंध नाही, हे मला नंतर समजले. तोवर मी त्या एका ओळीची चिंता महिनाभर वाहिली. अखेर डॉक्टरांनी मला समोर बसवून १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासाविषयी सांगितले. निरुपद्रवी फडफड असलेल्या १२१ रुग्णांचा किमान २ आणि कमाल ३२ वर्षे पाठपुरावा केला गेला होता आणि त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉनचा आजार झाला नाही. मला खरा उतार पडला तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागल्यावर. माझी भीती सुईने मोजता येण्यासारखी नव्हती, आणि हे मला कोणी आधी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

निवासी डॉक्टर, नागपूर

शेवटच्या वर्षाला मज्जासंस्था शिकत असताना मलाही हाच त्रास झाला होता. वैद्यकीय क्षेत्रातल्या माणसांत तो इतका आढळतो की २०१३ मध्ये त्यावर स्वतंत्र लेखन झाले आहे. एक गोष्ट मात्र सर्वांनी समजून घ्यावी. निरुपद्रवी फडफड आणि आजारातली फडफड सुईवर पुष्कळदा सारखीच दिसते. फरक असतो तो आजूबाजूच्या खुणांमध्ये, म्हणजे नसेपासून तुटलेले तंतू सैल स्नायूतही आपणहून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज करतात का आणि उरलेले मोठे झाले आहेत का, यामध्ये. २००८ च्या ‘आवाजी’ (हे जपानमधल्या बेटाचे नाव) निकषांनी या आजाराच्या निदानात फडफडीला अधिक महत्त्व दिले, पण तेही ज्या स्नायूत असे जुने बदल आधीच दिसतात तेवढ्यापुरतेच. म्हणून ताकद, स्नायूंचा आकार आणि हातोडीची तपासणी व्यवस्थित असेल, तर बहुतेक वेळा सुईची गरज भासत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा छातीत पेसमेकर असेल, तर चाचणीपूर्वी न विसरता सांगावे.

निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली

दम्यासाठी मी सालब्युटामॉलचा पंप वारंवार घेत होतो, तेव्हा हात थरथरत आणि मांड्या उडत. डॉक्टरांनी औषधांची मांडणी बदलली आणि दोन्ही थांबले. त्यांना सर्व औषधे दाखवली होती म्हणूनच हे लक्षात आले.

शेतकरी कुटुंबातील मुलगा, यवतमाळ जिल्हा

येथील चर्चा वाचून एक वेगळी बाब नोंदवावीशी वाटली. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी दगावले, हे सर्वांना आठवत असेल. त्याच हंगामात फवारून आलेल्या माझ्या काकांच्या छातीवरचे आणि दंडावरचे स्नायू उडू लागले, सोबत दरदरून घाम आला, तोंडाला लाळ सुटली आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांच्या विषबाधेत स्नायू असे उडतात. तेथे चाचणीची वाट पाहायची नसते, थेट दवाखाना गाठायचा असतो. काकांना अ‍ॅट्रोपिन हा उतारा वेळेवर मिळाला, ते वाचले.

शिक्षिका, कोल्हापूर

माझ्या वडिलांच्या बाबतीत चाचणी आवश्यक होती आणि आम्ही ती उशिरा केली, याचे मला दुःख आहे. त्यांचे स्नायू उडत होते, पण त्यांना स्वतःला ते जाणवतही नव्हते. त्यांची तक्रार अशी होती की कुलपात किल्ली फिरत नाही. आम्ही कुलपात तेल घातले, मग कुलूपच बदलले. पुढे सदऱ्याची गुंडी लागेना आणि अंगठ्याजवळचे मांस खोबणीसारखे आत गेलेले दिसले, तेव्हा कोठे आम्ही तज्ज्ञांकडे गेलो. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि पाठीचे स्नायू तपासले गेले आणि मोटर न्यूरॉनच्या आजाराचे निदान झाले. आजाराचा वेग कमी करणारे रिलुझोल हे औषध सुरू झाले, गिळण्याची आणि श्वासाची काळजी वेळेत घेता आली. ज्यांची ताकद शाबूत आहे त्यांनी निर्धास्त राहावे, असे मी मनापासून म्हणते. मात्र घरातले कोणी किल्ली, गुंडी किंवा चप्पल पायात टिकत नाही अशी तक्रार करू लागले, तर वयावर ढकलू नये.

धागाकर्ता

ताई, आपण हे लिहिलेत यासाठी आभार. मी काल सहा महिन्यांनी पुन्हा दाखवून आलो. चहा चार कपांवरून दोनवर आणला आहे, झोप थोडी सुधारली आहे, पोटरी आठवड्यातून दोनतीन दिवस उडतेच. डॉक्टरांनी जुना कागद काढून पुन्हा टेप लावला : ३६ आणि ३६. चवड्यांवर, टाचांवर चालून झाले. ई.एम.जी.चा विषय त्यांनी काढला नाही आणि या वेळी मीही काढला नाही.