ट्रेलरवरची शिडाची होडी: २६ फुटी ५० एचपी घ्यावी की २२ फुटी ९.९?

आंबाघाट

राहणं कोल्हापूर, पाणी कोकणातलं. होडी घरच्या अंगणात ठेवायची, आंबा घाटातून खाली न्यायची आणि जयगड ते मालवण या पट्ट्यात दोन-तीन दिवस फिरायचं. माणसं चार, त्यांत दोन मुलं (९ आणि १३). रात्री होडीतच झोपायचं. शीड महत्त्वाचं, पण वारा पडला म्हणून अंधारात खाडीच्या तोंडाशी अडकायची तयारी नाही.

गाडी डिझेल एसयूव्ही. मॅन्युअलप्रमाणे ब्रेक असलेला ट्रेलर १८०० किलोपर्यंत ओढते.

डोक्यात तीन पर्याय आहेत: मॅकग्रेगर २६एम आणि ५० एचपी, कॅटलिना २२ आणि ९.९ एचपी, किंवा वेस्ट वाइट पॉटर १९ आणि ६ एचपी. हुबेहूब तीच होडी मिळेल असं नाही, त्या जातीची म्हणा. आराम, शीड आणि मोटर यांचा मेळ कुठे बसतो?

---

पाऊणभरती

आधी वजनाची बेरीज करू, म्हणजे निम्मी चर्चा मिटेल. ब्रोशरमधला आकडा नुसत्या होडीचा असतो. रस्त्यावर त्यात ट्रेलर, मोटर, पेट्रोल, नांगर-साखळी, बॅटरी, शिडं, पाण्याचे कॅन सगळं येतं.

२६एम: होडी ११५५, ट्रेलर ३२०, मोटर ११०, नव्वद लिटर पेट्रोल ६५, सामान १५०. झाले १८०० किलो. तुमच्या गाडीची मर्यादा तिथेच संपली.

कॅटलिना २२: होडी १०२०, ट्रेलर ३६०, मोटर ४५, पेट्रोल २०, सामान १३०. साधारण १५७५.

पॉटर १९: होडी ५५५, ट्रेलर २५०, मोटर २७, बाकी ११०. साडेनऊशेच्या आत.

२६ आणि २२ मध्ये फरक जेमतेम सव्वादोनशे किलोचा आहे, हे बघून बरेच जण चमकतात. कारण साधं आहे. कॅटलिनाचं नीरम (होडी उलटू नये म्हणून तळाशी असलेलं वजन) म्हणजे अडीचशे किलोची बिडाची कील, बुडाखालचं पातं; ती घाटातही तुमच्याबरोबर असते. २६एमचं बरंचसं नीरम पाण्याचं, सुमारे ५२० किलो. ते होडी पाण्यात उतरल्यावर भरायचं आणि बाहेर काढताना सोडायचं.

रुंदी तिघींचीही अडीच मीटरच्या आत आहे, तेव्हा रस्त्याला अडचण नाही. पण २६ ची होडी अधिक गाडी म्हणजे तेरा मीटरची वरात. घाटातल्या आखूड वळणांवर समोरून एसटी आली की मागे घ्यायची वेळ तुमच्यावर येणार. ट्रेलर रिव्हर्स घ्यायला मोकळ्या मैदानात शिका, घाटात नाही.

आता होडी उतरवायचं. आपल्याकडे खास होडीच्या ट्रेलरसाठी बांधलेले रॅम्प फार थोडे. जे उतार आहेत ते फेरीबोटीचे किंवा मच्छीमार जेटीजवळचे. फेरीच्या रॅम्पवर वेळापत्रक फेरीचं चालतं, तुमचं नाही. आधी विचारून ठेवा. रत्नागिरी-मालवण भागात उधाणाला भरती-ओहोटीत दोन-सव्वादोन मीटरचा फरक पडतो. ओहोटीला काँक्रीट संपतं, पुढे शेवाळलेला दगड किंवा गुडघाभर चिखल. ट्रेलरचं चाक काँक्रीटच्या काठावरून खाली पडलं की ट्रॅक्टरशिवाय वर येत नाही. म्हणून भरती पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी उतरवायला लागायचं: काही अडकलं तरी पाणी अजून वर येणार असतं. काढतानाही तेच.

वेळ काढायला जुना हिशेब आहेच, तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला सहाला भरती, एकादशीला सव्वाआठला. हा अंदाज घरी बेत ठरवायला पुरे; निघताना त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघा, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज निघतो. शनिवार-रविवार सहलीला पंचमी-षष्ठी सोयीची. शनिवारी भरती दुपारी पावणेचारला, रविवारी साडेचारला; म्हणजे शनिवारी दोनच्या सुमारास उतरवायला लागा, रविवारी पावणेतीनला काढायला. भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) जवळ असल्याने ओहोट फार खाली जात नाही आणि खाडीच्या तोंडाला ओढही कमी.

माझं मत २२ फुटी, ९.९ सह. पण वजनदार कील नको, उथळ बुडाची आणि फिरत्या सेंटरबोर्डची (बुडाखाली सोडायची, वर वळणारी फळी) मिळाली तर आधी ती.

---

परभाण

वरच्या बेरजेशी वाद नाही, निष्कर्षाशी आहे. चार माणसं, दोन रात्री म्हटल्यावर २६ मध्ये दार लावता येईल असा संडास आहे आणि पाय लांब करून झोपायला जागा आहे. २२ मध्ये चौघं झोपतात ते कागदावर. मुलगी तेरा वर्षांची असेल तर हा मुद्दा पहिल्याच सकाळी कळतो.

५० एचपीचा खरा उपयोग वेग मिरवायला नसतो, परत यायला असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी वायव्येचा वारा पंधरा नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर गेला की उत्तरेकडे जाताना तो जवळपास नाकावर येतो. २२ फुटीचा पाण्यातला कमाल वेग सहा नॉट. समोरच्या लाटेत ९.९ वर तीन-साडेतीन उरतात. खाडीच्या तोंडाला ओहोटाचा अडीच नॉट प्रवाह असेल तर जवळपास जागच्या जागी उभे राहाल.

पण किंमत मोजावी लागते. पूर्ण थ्रॉटलला ५० एचपी तासाला १६-१८ लिटर पितं. बारा नॉट धरले तरी मैलाला जवळपास दीड लिटर. रत्नागिरी-विजयदुर्ग सुमारे २५ नॉटिकल मैल, म्हणजे पस्तीस-छत्तीस लिटर. ९.९ पाच नॉटवर तेच अंतर दहा लिटरमध्ये कापतं, फक्त पाच तास घेतं.

आणि २६ घ्याल तर दोन गोष्टी मनात कोरून ठेवा. एक, पाण्याचं नीरम पूर्ण भरल्याशिवाय शीड चढवायचं नाही. अर्धी टाकी रिकामीपेक्षा वाईट: होडी कलली की पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. टाकीच्या हवेच्या भोकातून बोट घालून पाणी लागतंय का बघायचं, मग झडप आणि बूच दोन्ही बंद. रिकाम्या टाकीने मोटरवर पळायचं ते सपाट खाडीत, चारच माणसं, सगळी खाली बसलेली. समुद्रात नाही.

दोन, २६एमला डॅगरबोर्ड आहे, सरळ खाली जाणारी पट्टी. वाळूच्या दांड्यावर किंवा मालवणच्या खडकांत ती लागली तर वर उचलली जात नाही, बोर्ड तरी मोडतो किंवा खोबण तरी फाटते. त्याआधीची २६एक्स (१९९५ ते २००२) फिरत्या बोर्डची होती, लागली की बोर्ड मागे वळतो. आपल्या किनाऱ्याला तीच बरी. शिडावर मात्र दोघीही मठ्ठ. बाजू उंच, वारा खातात, आठ नॉटच्या खाली कंटाळा आणतात.

---

पाऊणभरती

@परभाण, नाकावरचा वारा मान्य. पण दुपारी उत्तरेला निघायचंच कशाला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे मतलई सुटते, साडेनऊ-दहापर्यंत टिकते. किनारा उत्तर-दक्षिण, वारा पूर्वेचा, म्हणजे तो दोन्ही दिशांना बगलेवर. उत्तरेला जायचं ते पाच ते दहा. मग तास-दोन तास समुद्र आरशासारखा, तेवढीच मोटर. दुपारी खारे वारे आले की दक्षिणेकडे आरामात. एवढ्याला ९.९ पुष्कळ.

ट्रेलरची खरी मजा तर एकतर्फी सहलीत आहे. जयगडला उतरवा, वायव्येचा वारा पाठीशी घेऊन विजयदुर्गला जा, एकाने एसटीने जाऊन गाडी-ट्रेलर आणायचा. वाऱ्याशी भांडणच नाही.

---

आंबाघाट

दोघांचेही आभार. दारवाला संडास घरच्यांना दाखवायला नको होता :)

समजा २२ च्या आसपासची ठरवली. मग ९.९ कुठल्या प्रकारचं? आणि ट्रेलर खाऱ्या पाण्यात बुडवला की बेअरिंग जातात म्हणतात, ते टाळता येतं का?

---

ग्रीसगन

मोटरपासून.

९.९ म्हटलं की दुकानदार जे दाखवतो ते हलक्या फायबर होडीसाठीचं असतं: छोटा पंखा, जास्त फेरे. सव्वा टनाच्या होडीला हाय थ्रस्ट प्रकार लागतो. उदाहरणार्थ यामाहाचं साधं ९.९ गिअर २.०८ ला एक, हाय थ्रस्ट २.९२ ला एक. इंजिन तेच, पण पंखा मोठा आणि हळू फिरणारा. पळण्यात फरक कमी, थांबवण्यात आणि समोरच्या लाटेत ढकलण्यात खूप. शाफ्ट २५ इंची घ्या. २० इंची बसते, पण नांगर टाकायला माणूस नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) गेला की मागची बाजू उचलते, पंखा हवा पितो आणि इंजिन ओरडतं. नेमकं तेव्हाच मोटर हवी असते.

पेट्रोल: आता पंपावर ई२० मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला वेगळे बसतात. कोकणातल्या दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत हे होऊ शकतं. मोटर आणि टाकी यांच्यामध्ये १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. मे अखेरीस होडी बाहेर काढली की टाकीतलं पेट्रोल एखाद्या पेट्रोलच्या गाडीत ओता (तुमच्या डिझेल एसयूव्हीत नाही), मोटर पेट्रोलची नळी काढून चालू ठेवा ती आपोआप बंद पडेपर्यंत, मग कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सोडून उरलेलं थेंब थेंब काढा. हे न केल्यास ऑक्टोबरमध्ये जेट चोंदलेलं मिळणार.

खाडीचं पाणी गढूळ. पाणी-पंपाचं रबरी इंपेलर दर मोसमाला बदला, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक दिसायची वाट बघू नका. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यात दहा मिनिटं.

आता बेअरिंग. खारं पाणी आत आपण होऊन शिरत नाही, आपण त्याला ओढून घेतो. घाट उतरून आलेला हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) तापलेला असतो. तो एकदम गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते, सीलच्या कडेने पाणी आत खेचलं जातं, ग्रीस दुधासारखं पांढरं होतं, आणि परतीच्या वाटेवर साखरप्याच्या आसपास चाकातून कर्र सुरू. रॅम्पवर पोचलात की हबवर तळहात ठेवा. सहज ठेवता येत नसेल तर थांबा. डोलकाठी उभी करायला, दोऱ्या लावायला पाऊण-एक तास जातोच, तोपर्यंत हब निवतो. वर्षाला एकदा बेअरिंग उघडून धुऊन मरीन ग्रीस भरा, सील नवं घाला. ग्रीस भरलेला एक तयार हब नटांसकट गाडीत ठेवा.

ट्रेलरचे दिवे पाण्यात शिरण्याआधी प्लग काढून, नाहीतर गरम बल्ब फुटतो. ओव्हररन ब्रेकचा (गाडी मंदावली की ट्रेलरच्या रेट्याने आपोआप लागणारा) ड्रम गोड्या पाण्याने धुवायची सोय आधीच करून घ्या, नंतर कोणी करत नाही.

हुकवर पडणारा भार एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के हवा. तुमच्या १५७५ ला ११० ते १६० किलो. धान्याच्या वखारीत प्लॅटफॉर्म काटा असतो, त्यावर ट्रेलरचं तोंड टेकवून मोजा. कमी भरला तर उतारावर साठच्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मग होडीच ट्रेलरवर थोडी पुढे सरकवून विंचचा खांब पुढे घ्या. पाण्याचे कॅन, नांगर मागच्या टोकाला कधीच नाही. आणि ट्रेलरला स्वतःची आरटीओ नोंदणी लागते, फॅब्रिकेटर "चालतं हो" म्हणाला तरी. होडीच्या नोंदणीचं मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात विचारा.

जुनी कॅटलिना पाहायला गेलात तर तीन जागा: कीलची पिन (भोक अंडाकृती झालंय का, कील धरून आडवी हलवा, खटखट वाजली तर झालंय), कील उचलायची स्टीलची तार (एखादा धागा तुटून टोचला तरी तार बदलायची), आणि कीलचा गंज पापुद्र्याने सुटतोय का. चालत्या होडीत पाच नॉटला ही तार गुणगुणते. तो दोष नाही, घाबरू नका. चिखलात होडी बसू द्याल तर कील आधी पूर्ण वर, नाहीतर कोंदणात शिंपले-वाळू अडकून ती परत खाली यायची नाही.

---

परभाण

आरामाबद्दल एक राहिलं. आपल्याकडे झोपेची अडचण जागेची नसते, हवेची असते. मार्चनंतर केबिनमध्ये रात्रीही घुसमटतं. छतातली पुढची झडप नाळेकडून उघडणारी हवी, तिला डासांची जाळी, आणि बूमवरून (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावरून) कॉकपिट, म्हणजे मागची उघडी बसायची जागा, झाकणारं पांढरं कापड. कॉकपिटचं बाक साडेसहा फुटी असेल तर दोघं तिथेच झोपतील, आणि मग २२ मध्ये चौघांचं खरंच जमतं. पडद्याआडचा वीस लिटरचा पोर्टेबल संडास घरच्यांना दाखवून बघा.

---

आंबाघाट

दाखवला. पडदा जाड हवा एवढीच अट आली. २२ नक्की, फिरत्या बोर्डची आधी शोधतो. पुढच्या षष्ठीला रिकाम्या हाताने जयगड आणि विजयदुर्गचे उतार ओहोटीला बघून येतो. बघताना काय काय टिपू?

---

ग्रीसगन

काँक्रीट पाण्याखाली कुठे संपतं ते बांबूने चाचपून, काठावर खूण करून. शेवाळ कुठपासून सुरू होतं. गाडीची मागची चाकं कोरडी राहून ट्रेलर किती खोल जाईल. कमी पडत असेल तर ट्रेलरच्या तोंडाला तीन मीटरचा वाढीव पाइप लागेल. खाडीत डोलजाळ्यांचे खुंट कोणत्या बाजूला आहेत ते तिथल्याच कोणाला विचारा, रात्री ते दिसत नाहीत.

आणि मान वर करून विजेच्या तारा. रॅम्पवर नसतात, डोलकाठी उभी करून होडी ढकलत नेतो त्या पन्नास मीटरमध्ये असतात.