खडीच्या डंपरला ताडपत्री पुरेशी आहे, की गुंडाळते कव्हर सक्तीचे करावे?

खाणरस्ता (धागा यांनी सुरू केला):

वाघोली-लोणीकंद पट्ट्यातील खाणींकडून पुण्यात येणाऱ्या रस्त्यालगत मी राहतो आणि बांधकामाच्या साइटवर माल मोजून उतरवून घेणे हे माझे रोजचे काम आहे. म्हणजे डंपरची धूळ मी घरीही खातो आणि कामावरही. माझे म्हणणे असे आहे की खडी, क्रश सँड, मुरूम आणि राडारोडा वाहणाऱ्या टिपरला, म्हणजेच डंपरला, सुटी ताडपत्री चालवून घेऊ नये. हौद्याला, म्हणजे माल भरण्याच्या मागच्या भागाला, कायम जोडलेले आणि जमिनीवर उभे राहून हँडलने गुंडाळता-उलगडता येणारे कव्हर असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणीच होऊ नये.

झाकण्याचा नियम नाही असे नाही. हवेतील धूळ मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या शहरांसाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये जे धूळनियंत्रणाचे नियम केले, त्यांत बांधकामाचे साहित्य आणि राडारोडा उघड्या वाहनातून नेण्यास मनाई आहे. मुंबई महानगरपालिकेने २५ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही गाड्या पूर्ण झाकण्याची अट होती. त्यामुळे ताडपत्री प्रत्येक गाडीत असते. ती गाडीत नेमकी कुठे असते, एवढाच प्रश्न आहे. एक तर ती केबिनच्या टपावर घडी होऊन पडलेली असते, नाही तर शिगेच्या, म्हणजे हौद्याच्या काठांवर आलेल्या ढिगाच्या, मधोमध टोपीसारखी घातलेली असते आणि चारही कडा उघड्या असतात. खडी सांडते ती कडेवरूनच.

याचा दोष मी चालकाला देणार नाही. ताडपत्री बांधण्याचे काम एकदा जवळून पाहावे. खाणीत गाडी भरली की चालक चाकावर पाय देऊन हौद्यावर चढतो, ताडपत्रीचे बोचके खांद्यावर घेऊन खडीच्या ढिगावर चालत जातो, आणि प्रत्येक पावलाला त्याचा पाय घोट्यापर्यंत आत जातो. मग वाऱ्याने फुगणारे कापड एका हाताने दाबून धरायचे, दुसऱ्या हाताने दोर खाली सोडायचा, खाली उतरून तो हुकात अडकवायचा, जुन्या ट्यूबचे कापलेले रबर ताणून गाठ मारायची आणि पुन्हा वर चढायचे. क्लीनर सोबत असेल तर ठीक. हल्ली बहुतेक टिपरवर चालक एकटाच असतो. दिवसात सहा खेपा म्हणजे सहा वेळा हे बांधायचे आणि सहा वेळा सोडायचे, तेही दहा फूट उंचीवर, हलत्या ढिगावर उभे राहून. असे काम दिले तर माणूस ते टाळणारच.

गुंडाळत्या कव्हरमध्ये हौद्याच्या एका लांब कडेला कापड पक्के जोडलेले असते आणि दुसऱ्या टोकाला हौद्याएवढ्या लांबीचा पाइप असतो. हौद्यावर तीन-चार आडव्या कमानी असतात. पाइपच्या टोकाला सांधा आणि त्याला हँडल. हौद्याची रुंदी साधारण अडीच मीटर असल्याने दहा-बारा फेऱ्यांत पाइप कमानींवरून गडगडत पलीकडच्या कडेला जातो आणि पट्टीखाली अडकतो. चालकाचे पाय जमिनीवरच राहतात.

आणखी एक फायदा म्हणजे कमानींच्या वर शीग आली की पाइप अडतो आणि कव्हर लागत नाही. म्हणजे हे कव्हर माप सांगणारेही ठरते. ओव्हरलोडचा प्रश्न आपोआप निम्मा सुटेल.

दहाचाकी:

माझ्या दोन दहाचाकी गाड्या खडीवर चालतात, त्यामुळे या धाग्यात आरोपीच्या पिंजऱ्यात मीच आहे असे धरून उत्तर देतो.

चालकाबद्दल आपण लिहिलेले शब्दशः खरे आहे. माझा एक चालक असाच घसरून मनगट मोडून बसला होता. पण शेवटचा मुद्दा कागदावर कधी मांडून पाहिलात का? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. खडीचे वजन घनमीटरला दीड टन धरले तर ब्रासला सव्वाचार टन झाले. दहाचाकी गाडीची एकूण वजनमर्यादा २०१८ साली २५ टनांवरून २८.५ टन झाली. रिकामी गाडी अकरा टनांच्या आसपास भरते. उरले साडेसतरा टन, म्हणजे चार ब्रास. आता हौदा पाहा: तो सर्रास १६ घनमीटरचा असतो. तो काठोकाठ सपाट भरला, एक खडाही वर आला नाही, तरी चोवीस टन झाले. आपले कव्हर त्यावर लोण्यासारखे फिरेल आणि गाडी साडेसहा टन ओव्हरलोड असेल. केंद्रीय कायद्यात ओव्हरलोडला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. तो वजनकाट्यावर ठरतो, कमानीवर नव्हे. उलट झाकलेली गाडी बाहेरून सभ्य दिसते म्हणून कोणी अडवणारही नाही. आपले कव्हर ओव्हरलोड थांबवणार नाही, लपवील.

दुसरे, आपण साइटवर गाडी रिकामी होताना पाहता. मी ती भरताना पाहतो. लोडरचा चालक बादली हौद्यावर आणतो ती अंदाजाने. एकदा बादलीचा दात पाइपला लागला आणि पाइप वाकला की ते कव्हर गुंडाळतही नाही आणि उलगडतही नाही. ताडपत्री फाटली तर रस्त्यात दाभण-सुतळीने शिवता येते. वाकलेला पाइप रस्त्यात कोण सरळ करणार? मला जो दर सांगण्यात आला, त्यात मागच्या टायरांची एक जोडी सहज आली असती, आणि खाणीपासून साइटपर्यंतचे भाडे मात्र ब्रासवर ठरते. झाकण्याचे त्यात काही मिळत नाही.

तिसरे, माझी एक गाडी पावसाळा संपला की डांबराच्या प्लांटवर लागते. डांबरमिश्रित खडी प्लांटमधून निघते तेव्हा दीडशे अंशांच्या आसपास तापलेली असते. तिच्यावर या कव्हरचे प्लास्टिक चढवलेले कापड घातले तर काय होईल हे मी सांगायला नको. तिथे जाड कॅनव्हासच लागतो. मग एका गाडीला दोन-दोन कव्हरे करायची का?

सावर्डेकर:

मी गोव्याहून लिहितो आहे. खडीचा माझा अनुभव नाही, पण लोहखनिजाच्या ट्रकांचा पुरेसा आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवण्यापूर्वी कुडचडे-सावर्डे भागातून जेटीपर्यंत ट्रकांची जी रांग लागे, ती पाहिलेल्या माणसाला ताडपत्रीविषयी फार श्रद्धा उरत नाही. घराची कौले आणि पायरी यांचा रंग एकच झाला होता.

मला दोघांच्याही नजरेतून निसटलेली एक गोष्ट सांगायची आहे. माल वरून उडतो तेवढाच खालूनही गळतो. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेच्या, बिजागऱ्या सैल झाल्या की फाळका आणि हौद्याची तळपट्टी यांच्यामध्ये बोटभर फट पडते आणि प्रत्येक खड्ड्याला तिथून मूठभर माल रस्त्यावर येतो. शिवाय खाणीच्या आवारातला चिखल चाकांना लागून रस्त्यावर येतो, वाळतो, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी तो उडवते. यावर वरचे कव्हर, ते हाताने बांधलेले असो की हँडलने फिरवलेले, काय करणार? आमच्याकडे ट्रक खेपेवर चालत. ज्याची खेप जास्त त्याची कमाई जास्त, म्हणून वेग जास्त आणि गळतीही जास्त. कापडाचा प्रकार बदलण्याआधी खेपेचा हा हिशेब बदलला पाहिजे, आणि खाणीच्या फाटकावर चाके धुतल्याशिवाय गाडी बाहेर सोडता कामा नये.

शिवणकाम:

आमचे ताडपत्र्या शिवण्याचे दुकान आहे आणि गेल्या काही वर्षांपासून आम्ही गुंडाळती कव्हरेही बसवून देतो, त्यामुळे माझे हितसंबंध उघड आहेत. ते लक्षात ठेवूनच वाचावे.

दहाचाकी यांचा डांबराचा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे. गुंडाळत्या कव्हरचे कापड बहुधा पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर दिलेले असते आणि ते इतक्या उष्णतेसाठी नसते. पण पाइपचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. पाइप वाकतो तो कव्हर अर्धवट उघडे ठेवून माल भरल्यामुळे. पूर्ण उघडून गुंडाळी कडेच्या आधारांवर नीट बसवली तर ती हौद्याच्या कडेला लागून राहते. कमानी मात्र मार खातात, हे मान्य करतो. म्हणून टिपरला आम्ही बाजूला सरकवता येणाऱ्या कमानी सुचवतो. माल ओतण्यापूर्वी कव्हर उघडायला विसरल्यामुळे झालेली मोडतोड माझ्याकडे सर्वांत जास्त येते. फाळका सुटतो, माल घसरतो आणि जाताना मागची कमान सोबत घेऊन जातो. पहिल्या महिन्यात हे एकदा होतेच.

बाजारातल्या पिवळ्या-निळ्या हलक्या ताडपत्रीशी याची तुलना करू नये. ती उन्हात एका हंगामात तडकते आणि तिच्या कड्या आधी निघतात. मालक ती स्वस्त म्हणून घेतो आणि वर्षात तीनदा घेतो.

निफाडचा कांदेवाला:

चर्चा खडीची चालली आहे हे मला कळते, पण सक्ती हा शब्द वाचून लिहावेसे वाटले, कारण टिपरसाठी काढलेला नियम मालवाहू या एका शब्दामुळे उद्या माझ्या पिकअपला लागू होतो. कांदा श्वास घेतो. उन्हाळ कांद्याच्या गाडीवर हवाबंद कव्हर ओढून ती चार तास उन्हात उभी केली, तर वरच्या थराला घाम सुटतो आणि व्यापारी भाव पाडायला निमित्त शोधत असतोच. आम्ही मागची बाजू उघडी ठेवून ताडपत्री सैल टाकतो, ती आळसाने नव्हे.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. लासलगावला गाडीतच लिलाव होतो. रांगेत गाडी उभी असताना अवकाळी पाऊस आला की ताडपत्री ओढेपर्यंत वरचा थर भिजतो, आणि लिलावाची बोली जवळ आली की तीच ताडपत्री सोडण्याची घाई. तिथे हँडल फिरवून दोन मिनिटांत उघडझाप झाली तर मला ती हवीच आहे. माझ्या खुशीने हवी आहे, नियम म्हणून नको.

खाणरस्ता:

कांदेवाले, आपली गाडी माझ्या प्रस्तावात नव्हती आणि नसेल. नियमात मालवाहू असा मोघम शब्द न वापरता टिपर आणि त्यातला माल यांची नावेच घातली पाहिजेत, हे मात्र आपल्यामुळे लक्षात आले.

दहाचाकी यांचे गणित मी काल साइटवर मालासोबत आलेल्या दोन चलनांशी ताडून पाहिले आणि मला माघार घ्यावी लागते आहे. ओव्हरलोड निम्मा सुटेल हे माझे विधान चुकीचे होते. एका गाडीचा हौदा खरोखरच कडेपर्यंत सपाट होता आणि काट्याची पावती मर्यादेच्या बरीच वर होती. मी इतकी वर्षे शिगेकडेच पाहत आलो. कोणतीही गोष्ट अति झाली की ती शिगेला पोहोचली असे आपण म्हणतो, त्यामुळे शीग नाही म्हणजे अति नाही अशी माझी समजूत झाली असावी.

तरीही मूळ मागणी मी सोडत नाही, कारण रस्त्यावर पडणारा दगड वजनकाट्याला विचारून पडत नाही. मागच्या पावसाळ्यात उड्डाणपुलाच्या चढावर माझ्यापुढे स्कूटरवर एक बाई होत्या. गतिरोधकावर पुढच्या डंपरच्या शिगेवरून आठ-दहा खडे घरंगळले. एक त्यांच्या हेल्मेटच्या काचेला लागला आणि काचेवर बशीएवढी जाळी उमटली. त्या गाडीवर ताडपत्री होती. मधोमध, व्यवस्थित बांधलेली. सावर्डेकर म्हणतात ती फाळक्याची फट आणि चाकांचा चिखल, दोन्ही खरे आहे. पण चाके धुतली म्हणून तो खडा खाली आला नसता असे नाही. जमिनीवरून बंद होणारे आणि कडेपर्यंत पोहोचणारे कव्हर त्या खड्यासाठी हवे आहे. ओव्हरलोडसाठी मागायचे ते वेगळे: खडी वाहणाऱ्या गाडीचा हौदाच चार ब्रासचा असावा.

दहाचाकी:

माघार मोकळेपणाने घेतलीत, म्हणून मीही एक पाऊल पुढे येतो. पण चार ब्रासच्या हौद्याला माझा विरोध आहे. हलका माल, विशेषतः कोळसा, याच हौद्यातून जातो आणि तिथे १६ घनमीटर पूर्ण भरूनही वजन मर्यादेच्या आसपासच राहते. हौदा कापलात तर गाडी एकाच मालाची गुलाम होईल. काटा खाणीच्या फाटकावर ठेवा आणि पावती नसलेली गाडी बाहेर सोडू नका. मला मान्य आहे, फक्त ते शेजारच्या खाणीलाही लागू करा. आज जो मालक चारच ब्रास भरतो त्याला बिल्डर दुसऱ्यांदा बोलावत नाही, आणि माल मोजून घेणारे आपणच आहात, हे न रागावता लक्षात घ्यावे.

कव्हरबद्दल: सक्तीला माझी हरकत कायम आहे. पण ज्या चालकाचे मनगट मोडले होते तो गेले दोन दिवस हा धागा मोबाईलवर वाचतो आहे आणि काही न बोलता माझ्याकडे पाहतो आहे. डांबरावर न जाणाऱ्या गाडीला दिवाळीनंतर एक कव्हर बसवून पाहीन. शिवणकाम, गुंडाळी कोणत्या बाजूला ठेवावी?

शिवणकाम:

ज्या बाजूने लोडर भरतो त्याच्या विरुद्ध बाजूला. बादली गुंडाळीवरून जाता कामा नये.

दहाचाकी:

आमच्या खाणीत दोन लोडर आहेत. एक डावीकडून भरतो, एक उजवीकडून.